दरपत्रकाच्या पानात शिरताना

काटोल, नरखेड आणि कळमेश्वर या भागांतल्या संत्रा बागायतदारांच्या एका लहान गटाचे हिशेब मी नागपुरात, धंतोलीतल्या कार्यालयात बसून पाहतो. सभासदांचा माल कळमन्याच्या बाजारात उतरतो आणि त्या दिवसाची विक्री संध्याकाळी गटाच्या एका अंतर्गत वेब पानावर नोंदवली जाते. पानावर एकच मोठा तक्ता आहे. त्यात सभासद क्रमांक, नाव, आडत, क्विंटलमधली आवक, कमीत कमी दर, जास्तीत जास्त दर, सर्वसाधारण दर आणि शेरा असे रकाने आहेत. आंबिया बहाराची फळे बाजारात येऊ लागली की या तक्त्याच्या ओळी झपाट्याने वाढतात, आणि सभासदांचे एकच विचारणे असते की आज गटाला सरासरी काय भाव पडला.

तक्त्यातल्या दरांची नुसती सरासरी काढून या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. दोन क्विंटलला मिळालेला चढा भाव आणि चाळीस क्विंटलला मिळालेला उतरता भाव यांना सारखे वजन दिले, तर निघणारा आकडा कोणाच्याच खिशातल्या पैशाशी जुळत नाही. प्रत्येक ओळीतली आवक आणि सर्वसाधारण दर यांचा गुणाकार करून, त्या गुणाकारांच्या बेरजेला एकूण आवकेने भागावे लागते. हे काम आजवर पानावरचे आकडे हाताने स्प्रेडशीटमध्ये उतरवून होत असे. पान ब्राउझरमध्ये उघडलेलेच आहे आणि ब्राउझरला जावास्क्रिप्ट समजते, तेव्हा तिथल्या तिथेच आकडे उचलून हिशेब का करू नये, या विचाराने मी हे शिकायला घेतले. पान ज्या तरुणाने बनवले होते तो नोकरीसाठी पुण्याला गेला होता, त्यामुळे त्याची रचना मला आतून वाचूनच समजून घ्यायची होती.

सुरुवात एफ १२ हे बटण दाबून उघडणाऱ्या कन्सोलपासून, म्हणजे पानाला थेट आज्ञा देण्याच्या ब्राउझरमधल्या जागेपासून झाली. तक्त्याला एक आयडी दिलेला होता. डॉक्युमेंट या वस्तूकडे ‘गेट एलिमेंट बाय आयडी’ या पद्धतीने तो आयडी मागितला की तक्ता हातात येतो, हे फायरफॉक्स ब्राउझर बनवणाऱ्या मोझिलाच्या दस्तऐवजात स्पष्ट लिहिले आहे, आणि कन्सोलमध्ये तसेच घडले. तीच ओळ वेगळ्या फाइलमध्ये लिहून ती फाइल पानाच्या डोक्यात, म्हणजे हेड या भागात जोडली, तेव्हा मात्र उत्तर आले नल, म्हणजे काहीच नाही. आयडी तोच, पान तेच, आणि तरीही कन्सोलमध्ये तक्ता सापडत होता व फाइलमधून सापडत नव्हता.

याचे कारण वेळेत आहे. ब्राउझर पानाचा मजकूर वरून खाली वाचत जातो आणि वाचता वाचता आतली रचना उभी करतो. वाटेत साधा स्क्रिप्ट टॅग लागला, की वाचन थांबवून तो आधी ती स्क्रिप्ट चालवतो. हेडमधली स्क्रिप्ट चालते तेव्हा बॉडीतला तक्ता अजून जन्मालाच आलेला नसतो. कन्सोल मात्र आपण सगळे पान उभे राहिल्यावर उघडतो, म्हणून तिथे सर्व काही सापडते. स्क्रिप्ट टॅगला डिफर हा गुणधर्म जोडला, की फाइल बाजूला उतरवली जाते आणि रचना पूर्ण झाल्यावर, ‘डॉम कंटेंट लोडेड’ ही घटना घडण्याच्या आधी चालते. हा गुणधर्म बाहेरून जोडलेल्या फाइलवरच लागू पडतो, पानातच लिहिलेल्या साध्या स्क्रिप्टवर त्याचा परिणाम होत नाही. अनेकजण ‘लोड’ या घटनेची वाट पाहतात, पण ती चित्रे वगैरे सगळे उतरल्यावर घडते आणि तक्त्यातले आकडे वाचण्यासाठी गटाच्या बोधचिन्हाचे चित्र येईपर्यंत ताटकळण्याचे काहीच कारण नाही.

तक्ता हाती आल्यावर त्यातल्या ओळी मिळवायच्या होत्या. पानाची मूळ फाइल मी उघडून ठेवली होती. तिच्यात टेबल या टॅगच्या लगेच आत टीआर हे तक्त्याच्या ओळीचे टॅग एकाखाली एक दिसत होते. म्हणून ‘क्वेरी सिलेक्टर ऑल’ला मी विचारले की टेबलची थेट अपत्ये असलेले सर्व टीआर दे, आणि उत्तरादाखल रिकामी यादी मिळाली. त्रुटीचा संदेश नाही, इशारा नाही, फक्त शून्य लांबीची यादी. फाइलमध्ये डोळ्यांना ओळी दिसत असताना यादी रिकामी यावी, हे कोडे माझ्याच्याने सुटेना. अभियांत्रिकीला असलेली माझी पुतणी त्या संध्याकाळी कार्यालयात आली होती. तिने पडद्याकडे एकदा पाहिले आणि म्हणाली, “काका, फाइल काय पाहून राहिले तुम्ही? ब्राउझरनं काय बनवलं ते पाहा नं.”

तिने तक्त्यावर उजवी टिचकी मारून इन्स्पेक्ट उघडून दाखवले, आणि तिथे टेबल व टीआर यांच्या मध्ये टीबॉडी नावाचा एक घटक उभा होता. फाइलमध्ये तो कुठेही लिहिलेला नव्हता. एचटीएमएलच्या नियमांप्रमाणे टेबलच्या आत थेट टीआर आला, की वाचणारा ब्राउझर स्वतःहून टीबॉडी निर्माण करतो आणि ओळी त्याच्या आत ठेवतो. म्हणजे माझ्या तक्त्यातल्या ओळी टेबलची अपत्ये नव्हत्याच, त्या त्याची नातवंडे होती.

पुतणीच्या त्या एका वाक्याने माझा पुढचा सगळा अभ्यास मार्गी लावला. पडद्यावर दिसणारे पान, फाइलमध्ये लिहिलेला मजकूर आणि ब्राउझरने स्मृतीत उभे केलेले झाड या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि स्क्रिप्टला त्यांपैकी फक्त तिसरी गोष्ट दिसते. या झाडालाच डॉक्युमेंट ऑब्जेक्ट मॉडेल किंवा थोडक्यात डॉम म्हणतात. ‘व्ह्यू सोर्स’मध्ये सर्व्हरने पाठवलेला मजकूर दिसतो, इन्स्पेक्टमध्ये या घडीचे झाड दिसते. जिथे उत्तर अपेक्षेपेक्षा वेगळे आले तिथे मी दोन्ही शेजारी उघडू लागलो, आणि बहुतेक वेळा फरक तिथेच सापडला. आमच्या पानात असाच आणखी एक चमत्कार होता. ‘सर्व दर प्रति क्विंटल’ ही सूचना फाइलमध्ये तक्त्याच्या ओळींच्या मध्येच, कोणत्याही रकान्याबाहेर लिहिलेली होती, पण पडद्यावर ती तक्त्याच्या वर दिसत असे. तक्त्यात अशा ठिकाणी सापडलेला मोकळा मजकूर ब्राउझर उचलून तक्त्याच्या आधी नेऊन ठेवतो. ती सूचना तक्त्याच्या आत शोधत बसलो असतो तर कधीच सापडली नसती.

झाड म्हटल्यावर पालक, अपत्य, भावंड अशी नाती आली, आणि त्या नात्यांनी चालत जाण्याच्या वाटाही आल्या. पण इथेही फाइल लिहिणाऱ्याच्या सवयी झाडात उतरतात. टेबलचे ‘फर्स्ट चाइल्ड’, म्हणजे पहिले अपत्य मागितले, तर टीबॉडी न मिळता एक मजकुराचा नोड, म्हणजे झाडाचा एक सुटा भाग मिळाला आणि त्याच्यात नवी ओळ व काही मोकळ्या जागा यांखेरीज काही नव्हते. फाइल वाचायला सोपी व्हावी म्हणून प्रत्येक टीआर नव्या ओळीवर, थोडा आत सरकवून लिहिलेला होता, आणि ती मोकळी जागासुद्धा झाडात मजकूर म्हणून बसली होती. प्रत्येक नोडला त्याचा प्रकार सांगणारा क्रमांक असतो: घटकाचा १, मजकुराचा ३, टिपेचा ८ आणि संपूर्ण दस्तऐवजाचा ९. मला ३ नको होता, १ हवा होता. ‘फर्स्ट एलिमेंट चाइल्ड’ आणि ‘चिल्ड्रन’ या वाटा फक्त घटकांवरून जातात, ‘चाइल्ड नोड्स’ ही वाट सगळ्यांवरून जाते.

तक्त्यासाठी मात्र याहून सरळ रस्ता आधीपासून आहे, आणि तो फारसा कोणी सांगत नाही याचे मला आश्चर्य वाटते. टेबलच्या घटकाला स्वतःचा ‘रोज’ हा संग्रह असतो आणि प्रत्येक ओळीला ‘सेल्स’ हा संग्रह असतो. टीबॉडी मध्ये असो वा नसो, ‘रोज’मध्ये सगळ्या ओळी येतात, टीहेडमधल्या सर्वांत आधी. मोकळ्या जागांचा प्रश्नच उद्भवत नाही. या सोयी वर्ल्ड वाइड वेब कन्सोर्शियमने १ ऑक्टोबर १९९८ रोजी शिफारस म्हणून प्रसिद्ध केलेल्या डॉमच्या पहिल्या स्तरातल्या आहेत, आणि तक्त्याच्या कामात त्या आजच्या सिलेक्टरांपेक्षा मला जास्त भरवशाच्या वाटतात.

त्या तारखेआधीचा काळ वाचला की आजच्या सुखाची कल्पना येते. ब्रेंडन आइक यांनी नेटस्केप या ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीत १९९५ साली जावास्क्रिप्ट ही भाषा तयार केली, तेव्हा स्क्रिप्टला पानातल्या फार थोड्या भागांपर्यंत पोहोचता येत असे, मुख्यतः फॉर्म आणि दुवे. १९९७ मध्ये नेटस्केपच्या चौथ्या आवृत्तीने ‘डॉक्युमेंट डॉट लेयर्स’ आणि इंटरनेट एक्सप्लोररच्या चौथ्या आवृत्तीने ‘डॉक्युमेंट डॉट ऑल’ अशा दोन वेगळ्या वाटा काढल्या, आणि पान लिहिणाऱ्याला समोर कोणता ब्राउझर आहे हे तपासून दोन्ही प्रकारे लिहावे लागे. प्रमाण ठरल्यावरही ब्राउझरांमधली तफावत बरीच वर्षे उरली. २००६ मध्ये जॉन रेसिग यांनी काढलेली जेक्वेरी ही तयार आज्ञांची जंत्री लोकप्रिय झाली ती याच त्रासामुळे, आणि शैलीपत्रकातल्या, म्हणजे सीएसएसमधल्या सिलेक्टरांनीच पानातले भाग शोधण्याची तिची पद्धत पुढे ब्राउझरांनी ‘क्वेरी सिलेक्टर’च्या रूपाने स्वतःत घेतली. आमच्या पानाला जेक्वेरी जोडावी का, असा प्रश्न मलाही पडला होता, पण एका तक्त्यासाठी तिची गरज नव्हती.

ओळी मिळाल्यावर विशिष्ट सभासदाची ओळ हवी असे. पान बनवणाऱ्याने प्रत्येक टीआरला सभासद क्रमांकच आयडी म्हणून दिला होता आणि तो इंग्रजी अंकांत होता. ‘गेट एलिमेंट बाय आयडी’ला क्रमांक दिला तर ओळ मिळे. ‘क्वेरी सिलेक्टर’ला हॅश चिन्हापुढे तोच क्रमांक दिला तर मात्र व्याकरणाची त्रुटी येई. एचटीएमएलला अंकाने सुरू होणारा आयडी चालतो, पण शैलीपत्रकाच्या व्याकरणात हॅशनंतर येणाऱ्या नावाची सुरुवात इंग्रजी अंकाने करता येत नाही, आणि ‘क्वेरी सिलेक्टर’ त्याच व्याकरणाने चालते. गंमत अशी की तोच क्रमांक देवनागरी अंकांत लिहिला असता तर कसलीच हरकत आली नसती, कारण त्या व्याकरणाच्या दृष्टीने ‘२१४’ ही तीन बिगर-इंग्रजी अक्षरे आहेत आणि अशा अक्षरांनी नाव सुरू करण्याची मुभा आहे. इंग्रजी अंकांसाठी ‘सीएसएस डॉट एस्केप’ ही सोय आहे, किंवा आयडी हा गुणधर्म अमुक मूल्याचा आहे असे चौकोनी कंसात लिहूनही विचारता येते.

चौकोनी कंसाच्या त्या पद्धतीने विचारल्यामुळे एक अधिक गंभीर गोष्ट उघडकीला आली. एखाद्या सभासदाचा माल एकाच दिवशी दोन आडतींवर गेला, तर तक्त्यात त्याच्या दोन ओळी येतात आणि दोन्हींचा आयडी तोच असतो. आयडी पानात एकमेव असावा हा नियम आहे, पण तो मोडला तर ब्राउझर तक्रार करत नाही. ‘गेट एलिमेंट बाय आयडी’ झाडाच्या क्रमाने पहिली सापडलेली ओळ देते आणि दुसरीबद्दल अवाक्षर काढत नाही. म्हणजे क्रमांकावरून हिशेब केला असता तर त्या सभासदाचा दुसरा काटा शांतपणे बाहेर राहिला असता आणि एकूण आकडा पाहून कोणाला शंकाही आली नसती. मी ओळींवरचे आयडी काढून टाकले आणि त्यांच्या जागी ‘डेटा-’ने सुरू होणारा सभासद क्रमांकाचा गुणधर्म लावला. तो कितीही ओळींवर असू शकतो, स्क्रिप्टमधून ‘डेटासेट’द्वारे वाचता येतो आणि ‘क्वेरी सिलेक्टर ऑल’ने त्या सभासदाच्या सर्व ओळी एकत्र मिळतात.

आता रकान्यातला मजकूर. नावाच्या रकान्यात सभासदाच्या नावाबरोबर गावाचे नाव एका लपवलेल्या स्पॅनमध्ये होते, मोबाइलच्या अरुंद पडद्यावर ते दिसावे म्हणून. ‘टेक्स्ट कंटेंट’ने वाचले तर नाव आणि गाव एकमेकांना चिकटून येत, कारण ते झाडातला सगळा मजकूर देते. ‘इनर टेक्स्ट’ने वाचले तर फक्त दिसणारा भाग येतो, पण त्यासाठी ब्राउझरला पानाची मांडणी तपासावी लागते आणि पडद्याची रुंदी बदलली की उत्तरही बदलते. हिशेबाच्या कामात पडद्याच्या रुंदीवर अवलंबून राहणे मला पटले नाही, म्हणून मी नावालाही स्वतःचा स्पॅन दिला आणि तोच नेमका मागू लागलो.

आकड्यांनी अधिक वेळ घेतला. तक्त्यात दर देवनागरी अंकांत होते, कारण सभासदांना तसेच वाचायला सोपे जाते. पण जावास्क्रिप्टच्या ‘नंबर’ला ‘४०’ दिले तर उत्तर ‘नॅन’, म्हणजे संख्या नव्हे, असे येते. तिला फक्त इंग्रजी अंक कळतात. उपाय सोपा आहे, कारण युनिकोडमध्ये देवनागरी शून्याचा क्रमांक २४०६ आहे आणि पुढचे नऊ अंक ओळीने येतात. प्रत्येक देवनागरी अंकाच्या क्रमांकातून २४०६ वजा केले की त्याची किंमत मिळते. त्याआधी स्वल्पविराम काढावे लागतात. ‘पार्स फ्लोट’ स्वल्पविरामापाशी वाचन थांबवते आणि इंग्रजी अंकांतल्या साडेतीन हजारांचे निव्वळ तीन करून देते, तेही कसलीही त्रुटी न दाखवता. ‘नंबर’ निदान ‘नॅन’ देऊन ओरडते तरी, म्हणून मी तीच वापरतो. उलट दिशेने, हिशेब झाल्यावर आकडा मराठीत दाखवायचा असेल, तर ‘टू लोकेल स्ट्रिंग’ला मराठी-भारत असे सांगितले की देवनागरी अंक आणि लाख-हजारांचे आपले स्वल्पविराम दोन्ही आपोआप येतात.

नावावरून ओळी गाळण्यासाठी मी पानाच्या वर एक शोधपेटी ठेवली होती. तिच्यात ‘वऱ्हाडे’ लिहिल्यावर त्या आडनावाच्या काही ओळी दिसत आणि काही लपून राहत. पडद्यावर सगळी आडनावे अगदी सारखी दिसत होती. एकेक अक्षराचा युनिकोड क्रमांक छापून पाहिल्यावर उलगडा झाला. आपल्या ‘ऱ्ह’मधला अर्धा र तीन प्रकारे साठवला जाऊ शकतो: ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर आणि हलन्त, साधा ‘र’ त्यापुढे नुक्ता आणि हलन्त, किंवा साधा ‘र’, हलन्त आणि त्यापुढे न दिसणारे जोडचिन्ह. नोंदी कोणी संगणकावर करत होते, कोणी फोनवर, आणि प्रत्येक कळपाटाची तऱ्हा निराळी. ‘नॉर्मलाइझ’ या पद्धतीला एनएफसी हे रूप सांगितले की पहिले दोन प्रकार एकरूप होतात, कारण युनिकोडनेच त्यांना समान मानले आहे. तिसऱ्याला मात्र तसे मानलेले नाही, त्यामुळे र, हलन्त आणि जोडचिन्ह ही त्रयी सापडली की तिच्या जागी ऱ आणि हलन्त ठेवणारी ओळ मला वेगळी लिहावी लागली. ‘ॲग्रो’ने शेवट होणाऱ्या आडतींच्या नावांतही तेच निघाले. ॲ हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आले, पण अ वर चंद्र देऊन लिहिलेली जुनी पद्धत अजून चालू आहे आणि एनएफसीने त्या दोन्हींचा मेळ बसत नाही. मराठी मजकुराची तुलना करणाऱ्या प्रत्येकाने ही दोन्ही बदल्या आधीच करून घ्याव्यात असे माझे मत आहे. इंग्रजीतल्या मार्गदर्शकांत हा विषय येत नाही आणि आपल्याकडे ‘शेतकऱ्यां’वाचून पान हलत नाही.

गाळलेल्या ओळी दाखवणे-लपवणे हे शैलीच्या वर्गांवर चालते. ज्या ओळींचे पैसे आडतीकडून यायचे आहेत त्यांना ‘बाकी’ असा वर्ग लावलेला होता, आणि पैसे जमा झाल्यावर एका बटणाने त्या सर्वांचा वर्ग काढायचा होता. ‘गेट एलिमेंट्स बाय क्लास नेम’ने मिळालेल्या संग्रहावर शून्यापासून फेरी चालवली, तर एकाआड एक ओळ तशीच राहते. हा संग्रह जिवंत असतो. पहिल्या ओळीचा वर्ग काढताक्षणी ती संग्रहातून बाहेर पडते, दुसरी पहिल्या जागी सरकते, आणि फेरी मात्र दुसऱ्या जागेकडे गेलेली असते. ‘क्वेरी सिलेक्टर ऑल’ची यादी विचारलेल्या क्षणाची गोठलेली प्रत असते, तिच्यात मागाहून काही बदलत नाही. बदल करायचे असतील तर गोठलेली यादी, आणि सतत ताजी संख्या हवी असेल तर जिवंत संग्रह, अशी निवड मी करतो.

संध्याकाळी सहानंतर ओळी एकामागून एक येत राहतात. प्रत्येक नव्या ओळीला टिचकीचा श्रोता, म्हणजे टिचकी पडताच चालणारी आज्ञा, जोडत बसण्यापेक्षा टीबॉडीवर एकच श्रोता ठेवला, आणि टिचकी ज्या घटकावर पडली तिथून ‘क्लोजेस्ट’ने वर चढत सर्वांत जवळचा टीआर गाठला. नवी ओळ आली की बेरीज पुन्हा करण्यासाठी ‘म्युटेशन ऑब्झर्व्हर’ टीबॉडीच्या अपत्यांवर नजर ठेवतो. बेरजेची ओळ त्याच टीबॉडीत घातली असती तर आपल्याच बदलाने तो पुन्हा जागा झाला असता, म्हणून बेरीज तक्त्याच्या बाहेर, वेगळ्या परिच्छेदात दाखवली.

शेऱ्याचा रकाना वेगळ्या कारणाने सांभाळावा लागला. तिथला मजकूर निरनिराळी माणसे लिहितात. तो ‘इनर एचटीएमएल’ने दुसरीकडे दाखवला तर ब्राउझर त्यातले टॅग खरे मानून झाडात बसवतो. अशा रीतीने घातलेला स्क्रिप्ट टॅग चालत नाही, एवढ्यावर काहीजण निर्धास्त राहतात, पण चित्राचा टॅग आणि त्याच्या त्रुटीच्या घटनेवर लिहिलेली आज्ञा चालते. म्हणून शेरा मी ‘टेक्स्ट कंटेंट’नेच लिहितो, म्हणजे कोणी काहीही टंकले तरी ते अक्षरे म्हणूनच दिसते.

एका ठिकाणी माझी वाट बंदच झाली. पानाच्या तळाशी एका आयफ्रेममध्ये, म्हणजे पानात दुसरे पान दाखवणाऱ्या चौकटीत, वजनकाट्याच्या पावत्या दुसऱ्या संस्थेच्या सर्व्हरवरून येतात. त्या पावत्यांतले वजन थेट वाचता आले असते तर आवक हाताने भरावी लागली नसती. पण आयफ्रेमचे ‘कंटेंट डॉक्युमेंट’ मागितले की नल मिळते आणि तिच्या खिडकीतून आत जाऊ पाहिले की सुरक्षेची त्रुटी येते. ज्या मूळ पत्त्यावरून आपले पान आले, त्याच पत्त्याच्या पानांत स्क्रिप्टला शिरता येते, हा दंडक नेटस्केपच्या काळापासून चालत आलेला आहे. गैरसोय माझी झाली, तरी तो मला रास्त वाटतो, कारण हाच दंडक नसता तर कोणत्याही पानाला आपल्या पोटात बँकेचे पान उघडून त्यातली शिल्लक वाचता आली असती. समोरच्या पानाने स्वतःहून ‘पोस्ट मेसेज’ने आकडे पाठवले तरच ते घेता येतात. तशी विनंती त्या संस्थेला केली आहे, तोवर आवक हातानेच भरली जाते.

फेब्रुवारीत मृग बहाराचा माल सुरू झाला तेव्हा तक्त्यात आवकेच्या आधी ‘प्रत’ हा नवा रकाना आला. तोवर माझी स्क्रिप्ट आवक चौथ्या आणि सर्वसाधारण दर सातव्या पेशीतून उचलत होती, पण जागा पक्क्या धरून ठेवणे मला पहिल्यापासून रुचत नव्हते. आता स्क्रिप्ट आधी मथळ्याच्या ओळीतल्या पेशींचा मजकूर वाचते, ‘आवक’ आणि ‘सर्वसाधारण दर’ हे शब्द कोणत्या जागी आहेत ते शोधते, आणि त्यांपैकी एकही सापडला नाही तर हिशेब न करता तसे लिहून थांबते. ज्या आडतीवर त्या दिवशी माल गेला नाही तिच्या नावापुढे ‘आज आवक नाही’ अशी कॉलस्पॅनने पसरलेली एकच पेशी असते. दिसायला ती अनेक रकाने व्यापते, पण ‘सेल्स’मध्ये ती एकच मोजली जाते आणि तिच्यापुढची पेशी मागितली की काहीच हाती येत नाही. त्यामुळे ज्या ओळीतल्या पेशींची संख्या मथळ्यातल्या पेशींहून कमी भरते, ती ओळ बेरजेत धरली जात नाही.